नेपल्समध्ये पैसे पाण्यात गेले, ते बरं झालं

पुण्याच्या पाणीपुरवठ्यात मी ३४ वर्षं नोकरी केली. निवृत्त होऊन सात वर्षं झाली, तरी रस्त्यात लोखंडी झाकण दिसलं की पाय थबकतो. खाली व्हॉल्व्ह असेल की नुसतं चेंबर, याचा अंदाज बांधल्याशिवाय पुढे जाववत नाही. हिला ते ठाऊक आहे. ती थांबत नाही, पुढच्या कोपऱ्यावर जाऊन उभी राहते आणि पर्स चाचपत वाट बघते. तेव्हा नेपल्सच्या टूरबद्दल पुढे जे लिहितोय ते अगदी तटस्थ आहे असं समजू नका.

मुलगा म्युनिकला असतो. ऑक्टोबरात आम्ही त्याच्याकडे गेलो, तेव्हा त्यानं आम्हा दोघांना आठवडाभर नेपल्सला पाठवून दिलं. त्याला रजा नव्हती. विमानतळावर सोडताना म्हणाला, "बाबा, तिथं नुसते भटकलात तर गर्दी आणि स्कूटर एवढंच दिसेल. एकेक विषय धरून फिरा." त्यानं यादीच दाखवली. नेपल्समध्ये विषयांची दुकानंच आहेत म्हणा ना. भुयारांची टूर, चित्रांची टूर, खाण्याची टूर, भुतांची टूर, मॅराडोनाची टूर. मॅराडोनाची मी लगेच नाकारली. (पुढे स्पॅनिश क्वार्टरमधल्या त्या प्रसिद्ध भित्तिचित्रासमोरून आपोआपच जाणं झालं. मेणबत्त्या, फुलं, गळपट्टे, समोर हात जोडून उभी माणसं. टूर कशाला हवी, तो तर देवळाच्या वाटेवरचा थांबा आहे.)

आधी जे फसलं ते सांगून मोकळा होतो. पहिल्या दिवशी आम्ही मुलाच्या यादीत नसलेली, हॉटेलच्या टेबलावरच्या पत्रकात दिसलेली टूर घेतली. "तीन तासांत संपूर्ण नेपल्स." कंपनीचं नाव घेत नाही, कारण अशा कंपन्या सगळ्या शहरांत असतात आणि सगळ्या सारख्याच असतात. माणशी ३५ युरो, चाळीसेक माणसं, पुढे पिवळी छत्री, कानात यंत्र. माझ्या यंत्रात मधूनमधून दुसऱ्याच गटाचं स्पॅनिश ऐकू यायचं. प्लेबिशितो चौकात दहा मिनिटं, राजवाड्यासमोर पाच, मग गॅलेरिया उंबेर्तो नावाच्या काचेच्या छपराच्या भव्य बाजारात. तिथं गाइडबाईंनी घुमटाची उंची सांगितली, कोणत्या राजाच्या नावानं बांधलाय ते सांगितलं आणि छत्री वर करून निघाल्या. का बांधला, हे त्या बोलल्या नाहीत. मीही विचारलं नाही. ते कारण मला दुसऱ्याच दिवशी जमिनीखाली कळलं, ते पुढे येईलच.

सानसेवेरो चॅपेलमध्ये सानमार्तीनो या शिल्पकारानं १७५३ मध्ये घडवलेला ख्रिस्ताचा पुतळा आहे. अंगावरचं पातळ वस्त्रसुद्धा त्याच संगमरवराच्या शिळेतून कोरलेलं. त्या चॅपेलच्या बंद दारासमोर आम्हाला उभं करून त्याचं वर्णन ऐकवलं गेलं, कारण तिकीट टूरमध्ये नव्हतं. आत जायचं तर आधी आरक्षण लागतं. एवढं आधी सांगितलं असतं तर मी घरूनच केलं असतं. आणि लिंबाच्या दारूच्या दुकानात मात्र २५ मिनिटं. ही म्हणाली, "आपल्याकडे अष्टविनायकाच्या बशी पैठणीच्या दुकानात थांबवतात, तसंच की हो."

त्या संध्याकाळी पाय बादलीतल्या गरम पाण्यात ठेवून मी ठरवलं, यापुढे "संपूर्ण" हा शब्द असलेलं काही घ्यायचं नाही.

दुसऱ्या दिवशीचा बोर्बन बोगदा. इटालियनमध्ये गॅलेरिया बोर्बोनिका. लिहिण्यासारखं खरं इथून सुरू होतं.

आधी खाली काय आहे ते सांगतो. नेपल्स उभं आहे ते पिवळट रंगाच्या टफ नावाच्या मऊ दगडावर. ज्वालामुखीच्या राखेचा घट्ट झालेला थर. आपला काळा पाषाण फोडायला सुरुंग लागतो. हा दगड पहारीनं कापता येतो आणि हवेवर आला की टिकतो. ग्रीक लोकांनी ख्रिस्तपूर्व चौथ्या शतकापासून तो खणायला सुरुवात केली. खालचा दगड काढायचा आणि वर घर बांधायचं. म्हणजे घर जेवढं वर, तेवढीच पोकळी खाली. मग त्या पोकळ्यांना आतून गिलावा करून त्यांचीच टाकी करायची, टाक्या अरुंद नळ्यांनी एकमेकींना जोडायच्या, आणि प्रत्येक वाड्याच्या चौकातून खाली विहीर पाडायची. पाणी गावाबाहेरून उतारावर वाहत येतं आणि टाकीमागून टाकी भरत जातं. पंप नाही, काही नाही, निव्वळ ग्रॅव्हिटी.

गाइडनं हे सांगितलं तेव्हा मला राहवलं नाही. मी त्याला म्हणालो, आमच्या गावातही असं आहे. नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजच्या तलावातून शनिवारवाड्यापर्यंत जमिनीखालून नळ आणला. वाटेत जागोजागी हवा खेळती राहायला उच्छ्वास, आणि पेठांमध्ये पाणी घ्यायला हौद. काळा हौद, बदामी हौद. आज हौदांची नावं चौकांना उरली आहेत. गाइड तिशीतला, दाढीवाला, हेल्मेटवर दिवा लावलेला. त्यानं सगळ्या गटाला थांबवलं आणि मला उच्छ्वासांमधलं अंतर विचारलं. इतका मोठा मान मला निवृत्तीच्या समारंभातही मिळाला नव्हता. ही मागून म्हणाली, "आता झालं, बोगदा बंद व्हायची वेळ येईपर्यंत इथंच."

फरक मात्र आहे. पुण्यात नळ आणि हौद हे सार्वजनिक काम. नेपल्समध्ये सार्वजनिक नळ थेट प्रत्येक वाड्याच्या पोटात शिरतो, आणि सगळ्या टाक्या एकमेकींना जोडलेल्या. आता यातली गोम बघा. शत्रूनं गावाला वेढा घातला की त्यालाही ही वाट मोकळी. ५३६ मध्ये बायझंटाइन सेनापती बेलिसारियसची माणसं कोरड्या पडलेल्या नळातून रांगत शहरात शिरली आणि नेपल्स पडलं. १४४२ मध्ये स्पेनमधल्या आरागॉनच्या अल्फोन्सो राजाच्या शिपायांनीही पाण्याचीच वाट धरली. एक शहर दोनदा, नऊशे वर्षांच्या अंतरानं, पाण्याच्या नळातून घेतलं गेलं! पहिल्या वेळेनंतर एखादी जाळी बसवायला हवी होती, असं माझं खात्यातलं मत.

या टाक्या साफ कोण करायचं? त्यांना पोत्सारो म्हणतात, विहिरीतला माणूस. अंगानं बारकी माणसं. विहिरीच्या भिंतींत दोन्ही बाजूंना पावलांपुरत्या खोबणी कोरलेल्या दिसतात, त्यांत पाय अडकवून ही माणसं वरखाली करायची. जिथं वाकूनही जाता येत नाही अशा नळ्यांतून सरपटायची. आणि टाकीतून विहिरीवाटे ती कुठल्याही घराच्या चौकात निघू शकायची. मग घरातली चांदीची वाटी हरवली, नको त्या ठिकाणी अचानक पैसे सापडले, मालकीणबाई विनाकारण खूश दिसायला लागल्या, की नेपल्सचे लोक म्हणायचे "मुनाचिएल्लो" आला होता. म्हणजे छोटा साधू, घरात वावरणारं टोपडंवालं भूत. पगार थकला की हे भूत जास्त सतावायचं म्हणे. मी खात्यात असताना लाइनमनची बिलं तीन-तीन महिने अडकलेली पाहिली आहेत, त्यामुळे भुताबद्दल मला पूर्ण सहानुभूती आहे.

आता बोगदा. १८४८ च्या उठावांनी नेपल्सचा बोर्बन घराण्यातला राजा दुसरा फर्डिनांड हबकला होता. १८५३ मध्ये त्यानं एर्रिको अल्विनो या वास्तुविशारदाला सांगितलं, राजवाड्यापासून समुद्राकडच्या छावणीपर्यंत जमिनीखालून रस्ता काढ. सैन्य पटकन वाड्यात यावं आणि वेळ पडली तर राजाला पटकन वाड्यातून पळता यावं. खणता खणता अल्विनोचा बोगदा येऊन धडकला सतराव्या शतकातल्या कार्मिन्यानो जलवाहिनीच्या टाक्यांवर. त्या चालू होत्या, वरची घरं त्यांचंच पाणी पीत होती. त्यानं पाणी बंद केलं नाही. टाकीच्या मधून भिंती उभारून, वर पूल टाकून रस्ता पलीकडे नेला आणि पाणी खालून वाहतं ठेवलं.

त्या पुलावर मी बराच वेळ उभा राहिलो. चालू लाइनला धक्का न लावता आडवं काम नेणं म्हणजे काय, हे ज्यानं केलंय त्यालाच कळतं. आम्ही एकदा एका पेठेत असंच काम करताना साडेतीन दिवस पाणी बंद ठेवलं होतं आणि लोकांनी आम्हाला ज्या शिव्या दिल्या त्या अजून पाठ आहेत. अल्विनोचं काम १८५५ मध्ये थांबलं, बोगदा पुरा झाला नाही, राजाला पळायला तो मिळाला नाही आणि १८६० पर्यंत त्या घराण्याची सत्ताही आटोपली. पण पूल शाबूत आहे.

आणि मग ते गॅलेरिया उंबेर्तोचं कारण. १८८४ मध्ये नेपल्समध्ये कॉलऱ्याची साथ आली. शहरात सुमारे ७,००० माणसं गेली. टाक्या एकमेकींना जोडलेल्या, वर दाटीवाटीची वस्ती, सांडपाणी झिरपून खाली. एका चौकातला दोष दहा चौकांत. हे ऐकताना माझ्या पोटात गोळा आला, कारण पावसाळ्यात पिण्याच्या लाइनमध्ये गटाराचं पाणी शिरल्याची तक्रार आली की रात्री झोप उडायची, ती भीती हीच. पुढच्याच वर्षी, १८८५ मध्ये, सेरिनोच्या डोंगरातल्या झऱ्यांचं पाणी बंद नळातून, दाबानं शहरात आणलं गेलं आणि दोन हजार वर्षांच्या टाक्या टाकून दिल्या गेल्या. त्याबरोबर जुन्या गलिच्छ वस्त्या पाडायची मोठी मोहीम निघाली. तिला तिथले लोक "पोट फाडणं" याच अर्थाचा शब्द वापरतात. त्या पाडापाडीत मोकळ्या झालेल्या जागेवर जे चकचकीत उभं राहिलं, त्यातलाच तो काचेचा घुमट, १८८७ ते १८९० मधला. पहिल्या दिवशीच्या बाईंनी घुमटाची उंची सांगितली होती. एवढं एक वाक्य सांगितलं असतं तर ३५ युरोंचं दुःख झालं नसतं.

बोगद्याचं पुढचं आयुष्यही विलक्षण आहे. दुसऱ्या महायुद्धात इटलीत सगळ्यात जास्त बॉम्ब पडले ते नेपल्सवर. हजारो लोक या टाक्यांत उतरायचे. भिंतीवर विजेच्या तारा ओढायला ठोकलेले चिनी मातीचे इन्सुलेटर अजून आहेत, संडासांची रांग आहे, लोखंडी खाटांचे सांगाडे आहेत, मुलांची खेळणी आहेत. कोणी दगडावर नाव आणि तारीख कोरली आहे. गाइडनं एकदा सगळे दिवे बंद केले आणि काहीही बोलला नाही. इतका वेळ फोटो काढत असलेली आमच्या गटातली दोन कॉलेजची पोरं त्यानंतर फोटो काढेनाशी झाली. युद्धानंतर महापालिकेनं या जागेत जप्त केलेली वाहनं ठेवली. ती अजून तिथंच धूळ खात आहेत, गोल डोळ्यांच्या जुन्या फियाट आणि गंजलेल्या व्हेस्पा. पोलिसांनी उचललेली स्कूटर सोडवायला कोणी आलंच नाही, हे बघून पुणेकराला अगदी घरच्यासारखं वाटतं.

इथं साध्या टूरशिवाय साहसी प्रकारही मिळतात. एकात, अर्धवट सोडलेल्या एका रेल्वेबोगद्यात भूजल साचलंय त्यावर तराफ्यातून नेतात. माझा उजवा गुडघा त्याला तयार नव्हता. साध्या टूरलाही बऱ्याच पायऱ्या आहेत. मी मोजल्या नाहीत. हिनं मोजल्या आणि आकडा सांगायला नकार दिला. खाली बारा महिने गारवा असतो, तेव्हा बाहेर ऊन असलं तरी स्वेटर न्या. ज्यांना अरुंद जागेची भीती वाटते त्यांनी जुन्या गावातल्या, सान गायतानो चौकाजवळच्या भुयारात आधी चौकशी करून उतरावं. तिथल्या एका बोळातून आडवं होऊन सरकावं लागतं. माझ्या पोटाकडे बघून हिनं तो बेत परस्पर रद्द केला. बोर्बन बोगद्यात हा प्रश्न येत नाही, साध्या टूरची वाट प्रशस्त आहे.

तिसरा दिवस सानिता मोहल्ल्याचा. हा भाग शहराच्या तटाबाहेरचा, दरीत वसलेला, मृतांना पुरण्याचा. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला फ्रेंचांच्या अमलात वरच्या राजवाड्याकडे जायला दरीवरून पूल टाकला गेला आणि मोहल्ला पुलाखाली राहिला. पुलावरून लोक जातात, खाली कोणी उतरत नाही. हडपसरच्या उड्डाणपुलाखालच्या दुकानदारांना विचारा, ते समजावून सांगतील. पुलावरून खाली यायला लिफ्ट आहे, गुडघेवाल्यांनी ती शोधावी.

इथल्या सान जेन्नारो आणि सान गाउदिओसो या दोन भुयारी स्मशानांची व्यवस्था ला परांत्सा नावाची, २००६ मध्ये सुरू झालेली सहकारी संस्था बघते. मोहल्ल्यातल्याच पोरापोरींनी उभी केलेली. तिथल्या धर्मगुरूंनी त्यांना बळ दिलं. सहकारी म्हटल्यावर मी महाराष्ट्रातला माणूस कान टवकारणारच. आमची गाइड पंचविशीतली मुलगी. "माझी आजी त्या गल्लीत राहते," असं म्हणून तिनं एक बाल्कनी दाखवली, तिथं खरंच एक आजी कपडे वाळत घालत होती. तिनं हात केला.

सान जेन्नारोचं भुयार दुसऱ्या-तिसऱ्या शतकापासूनचं. मी अंधारी बिळं डोळ्यांपुढे आणली होती. प्रत्यक्षात उंच छताची दालनं, त्यात पाचव्या शतकातली चित्रं, आणि उजेड इतका विचारपूर्वक केलेला की चित्र आधी दिसतं, दिवा नंतर. संत जेन्नारो या नेपल्सच्या ग्रामदेवाचं, हो, मी ग्रामदेवच म्हणणार, सगळ्यात जुनं चित्र इथं आहे. वर्षातून तीनदा कॅथेड्रलमध्ये त्याचं कुपीतलं सुकलेलं रक्त पातळ होतं का, ते बघायला सारं शहर लोटतं. १९ सप्टेंबर हा मुख्य दिवस, आम्ही महिन्यानं उशिरा पोचलो.

सान गाउदिओसोचं भुयार वेगळंच. सतराव्या शतकात डॉमिनिकन साधू इथं प्रतिष्ठितांना पुरायचे. आधी मृतदेह भिंतीतल्या दगडी खुर्चीवजा कोनाड्यात बसवायचा, खाली भांडं. शरीरातलं पाणी निथळून गेलं की हाडं धुऊन पुरायची, आणि कवटी भिंतीत बसवून तिच्याखाली त्या माणसाचं चित्र काढायचं. सरदार असेल तर तलवार, बाई असेल तर झगा. त्यावरून नेपल्सच्या बोलीत एक शिवी आहे, "पुओत्से स्कुला", तुझा निचरा होवो! गाइडनं ती हसत हसत शिकवली. मी निचऱ्याचं काम आयुष्यभर केलं, पण त्या शब्दाला अशी धार असेल असं वाटलं नव्हतं. हिला मात्र ते कोनाडे बघवले नाहीत. ती बाहेर चर्चमध्ये जाऊन बसली. लहान मुलं बरोबर असतील तर पहिलं भुयार बघा, दुसऱ्याचा विचार करा.

टूर संपल्यावर मी त्या मुलीला विचारलं, या मोहल्ल्यात पाण्याचं काही आहे का? ती जरा थबकली, मग हसली आणि म्हणाली, चला. पाच मिनिटांवर एका जुन्या वाड्याच्या तळघराकडे तिनं बोट दाखवलं. रोमन सम्राट ऑगस्टसच्या काळातल्या सेरिनो जलवाहिनीच्या कमानी तिथं या शतकात सापडल्या, आणि मोहल्ल्यातले स्वयंसेवक त्या दाखवतात. विटांच्या जाड खांबांवर नळ, सगळा वाड्याच्या पायात अडकलेला. लोक इतकी वर्षं त्यावर राहत होते. ही वाहिनी पुढे मिसेनोच्या नौदल तळापर्यंत जायची, तिथं तिच्या शेवटी ४८ खांबांची जमिनीखालची टाकी आहे, १२,६०० घनमीटरची. म्हणजे सव्वा कोटी लिटर! आमच्या खात्यातल्या मध्यम आकाराच्या टाकीच्या कितीतरी पट. ते आकडे मी वहीत लिहून घेतले. स्वयंसेवक आजोबा माझ्या वहीत डोकावले आणि त्यांनी घनमीटरमधली माझी एक शून्याची चूक दुरुस्त केली.

चौथा दिवस हिचा. ही शाळेत चित्रकला शिकवायची, तिला काराव्हाज्जो हवा होता. रोममध्ये १६०६ मध्ये खून करून पळालेला हा चित्रकार नेपल्समध्ये आला आणि इथं त्यानं जी चित्रं काढली त्यातली तीन शहरातच आहेत. टूर त्या तीन चित्रांपुरतीच होती, चार तास, सहा माणसं, प्रत्येक चित्रापुढे बसायला वेळ. कापोदिमोंतेच्या संग्रहालयात ख्रिस्ताला फटके मारतानाचं, व्हिया तोलेदोवरच्या एका जुन्या बँकेच्या इमारतीत त्याचं अखेरचं मानलं जाणारं १६१० मधलं संत उर्सुलाचं, आणि व्हिया देई त्रिबुनालीवर पियो मोंते देल्ला मिझेरिकोर्दिया या धर्मादाय संस्थेच्या चर्चमध्ये "दयेची सात कामं".

मला चित्रातलं फारसं कळत नाही. हे तिसरं मात्र १६०७ मध्ये ज्या संस्थेसाठी काढलं तिच्याच चर्चमध्ये टांगलेलं आहे. सात कामं एकाच अंधाऱ्या गल्लीत कोंबलेली, नेपल्सच्याच गल्लीत. एक मुलगी तुरुंगाच्या गजांतून बापाला स्वतःचं दूध पाजतेय. कोणी मृतदेह उचलतंय, बाहेर फक्त पावलं दिसतात. ही कुजबुजली, "त्या पावलांचे तळवे बघा, किती मळलेत." आणि मागच्या कोपऱ्यात एक दांडगा माणूस वर तोंड करून गाढवाच्या जबड्याच्या हाडातून घटाघटा पाणी पितोय. तो सॅमसन, तहानलेल्याला पाणी देण्याचं काम त्याच्या रूपात. मी हिला म्हणालो, "बघ, सातात एक आमचं खातं आहे." तिनं डोळे मिटले. गाइडबाई मात्र हसल्या आणि त्यांनी सॅमसनवर दहा मिनिटं घालवली.

खाण्याच्या टूरचं थोडक्यात. माणशी ६५ युरो आणि आम्ही शाकाहारी. नोंदणी करताना तसं लिहिलं होतं, होकारही आला होता. वाटेत मिरेवाली गोल खुसखुशीत तराल्ली हातात ठेवली. ही एक खाऊन दुसरी उचलणार, तेवढ्यात शेजारच्या ऑस्ट्रेलियन बाईनं विचारलं, यात डुकराची चरबी असते ना? असते. पारंपरिक तराल्ली चरबीतच मळतात, आणि पापुद्र्यांच्या स्फोल्यातेल्ला पेस्ट्रीतही ती चालते. गाइडला हे ठाऊक नव्हतं असं नाही, त्याच्या हिशेबात मांस म्हणजे तुकडे. हिनं तोंड धुतलं आणि तासभर माझ्याशी बोलली नाही, जणू ती मी मळली होती. तेव्हा नुसतं "शाकाहारी" लिहून भागत नाही, "चरबी नको" असं वेगळं लिहा. तळलेला पिझ्झा, वांग्याची पार्मिजाना, फ्रियारिएल्ली नावाची कडवट पालेभाजी (भाकरीबरोबर उत्तम लागली असती) हे सगळं झकास. १८८९ मध्ये राणीसाठी पिझ्झा केला ती मार्गेरिताची गोष्ट गाइडनं अशी सांगितली की तो स्वतः भट्टीपाशी उभा होता.

त्या टूरमधली खरी चीज फुकट होती. शेवटी त्यानं एका चौकातल्या पाणीवाल्याच्या टपरीपाशी नेलं. पूर्वी या टपऱ्यांवर समुद्राकाठच्या कियातामोने भागातल्या झऱ्यांचं गंधकाचं पाणी मातीच्या दोन कानांच्या मडक्यांतून विकायचे. १९७३ मध्ये शहरात पुन्हा कॉलरा आला, तेव्हा ते झरे बंद झाले. आता लिंबू पिळून सोडा ओततात आणि वर चमचाभर खायचा सोडा टाकतात. फेस भस्सकन उसळतो, म्हणून पाय फाकवून, पुढे वाकून प्यायचं, नाहीतर बूट भिजतात. तिथं त्या पेयाचं नावच "पाय फाकवून लिंबूपाणी" असं आहे. हिचा राग तिथं गेला. तिची चप्पल भिजली, माझे बूट कोरडे राहिले, दोन्ही गोष्टी तिला कशा कोण जाणे पसंत पडल्या.

मेट्रोच्या चित्र-शिल्पांच्या स्टेशनांसाठीही गाइड मिळतात. घेऊ नका, तिकीट काढा आणि तोलेदो स्टेशनला उतरा. २०१२ मध्ये उघडलेलं. वरच्या भागात टफसारखा पिवळसर रंग, मग सरकत्या जिन्यानं खाली जाताना समुद्रसपाटी आली की भिंती निळ्या होत जातात. लेव्हल रंगानं दाखवायची ही कल्पना आमच्या कुठल्या ड्रॉइंगमध्ये कधी आली नाही. मी दोनदा वर जाऊन पुन्हा खाली आलो. एक सूचना, जिन्यावर डावीकडे उभं राहून वर बघत बसू नका, मागचे लोक ढकलतात आणि बरोबरच करतात.

बाकी व्यवहाराचं. सहा ते दहा माणसांचा गट घ्या, दोन युरो जास्त पडले तरी. रस्त्यांत काळ्या लाव्हाच्या फरशा आहेत, पावसात साबणासारख्या होतात, रबरी तळाचे बूट हवेत. दुपारी एकनंतरच्या टूरला जेवणाचं काय ते आधी विचारा.

निघायच्या दिवशी सकाळी सात वाजता बॅगा घेऊन आम्ही राहत होतो त्या जुन्या वाड्याच्या चौकात उभे होतो, टॅक्सी यायची होती. सात दिवस मी त्या चौकातून ये-जा केली होती आणि कोपऱ्यात तुळशीवृंदावनाएवढा एक दगडी कट्टा होता, वर लोखंडी पत्रा, पत्र्यावर जिरेनियमच्या दोन कुंड्या. मी जवळ जाऊन पत्र्यावर बोटानं टकटक केलं. आवाज खोल गेला. रखवालदार झाडू थांबवून बघत होता. मी खाली बोट दाखवून विचारलं, "आक्वा?" त्यानं हनुवटी वर उडवली, म्हणजे नाही, आता नाही. मग झाडू भिंतीला टेकवला, एक कुंडी उचलून बाजूला ठेवली आणि मला दुसरीला हात लावायची खूण केली.

"अहो, टॅक्सी," ही म्हणाली. मी दुसरी कुंडी उचलली.